कडुलिंबाची खतावणी

नगर-मनमाड रस्त्यावर कोल्हारला उतरावे, प्रवरेच्या पुलाकडे चालत जावे आणि कडेच्या एखाद्या कडुलिंबाचे पान ओल्या रुमालाने पुसून पाहावे. थंडीत रुमालावर तपकिरी डाग उमटतो, कडेने काळसर. तपकिरी ती रस्त्याची माती. काळ्यात ऊस वाहणाऱ्या गाड्यांचा धूर असणार, पेटवलेल्या पाचटाची काजळीही. वाळत घातलेले कपडे झटकताना इथल्या बायका रोज हेच मोजतात. त्याला मापन म्हणत नाहीत, इतकेच.

अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आपल्याच आवारातल्या पाइनच्या चार झाडांच्या सुया उन्हाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्यात तोडल्या व त्यांचे चुंबकत्व तपासले. हिवाळ्यातल्या सुयांत ते जास्त निघाले. वाहनांचे इंजिन आणि ब्रेक यांतून लोहयुक्त बारीक कण उडतात, ते सुईवर अडकतात. पाइनची सुई झाडावर काही वर्षे टिकते, म्हणून तिच्यात जुनी नोंदही राहते.

आपल्याकडे सुई म्हटली की सुरू. पण सुरूची सुई हे पान नव्हेच. ती पेरापेरांची हिरवी काडी, खरी पाने पेरांवर खवल्यांएवढी. तेव्हा कोल्हारला कडुलिंबच बरा. त्याचा हिशेब मात्र एका वर्षाचा, आणि त्यातही पावसाळा पाटी पुसून टाकतो. खरी जमा होते ती दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत, म्हणजे नेमकी गळीत हंगामात.

पान मायक्रोग्रॅम सांगत नाही, हे कबूल. रस्त्यालगतचे झाड आणि दोन शेते आतले झाड, दोघांची पाने शेजारी ठेवली तर कुठे जास्त, कुठे कमी, एवढे कळते. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाने शहरांची यादी केली. गावाच्या वाट्याला एवढे कळणेही थोडे नाही. शाळेतल्या मुलांना हे जमेल. पुसलेली धूळ तोलायला लागतो एक तराजू, तोही जरा बारीक तोलणारा.

घाई मात्र हवी. पाडव्याला गुळाबरोबर चावायची कोवळी पालवी फुटते तोवर जुना पाला खाली आलेला असतो. सकाळी कुणीतरी तो खराट्याने गोळा करते, रस्त्याच्या कडेला ढीग लावते आणि काडी ओढते.