प्रयत्नाचें माप

खेळाचे नियम बहुधा कृतीचे असतात. चेंडू रेषेबाहेर गेला कीं नाहीं, एवढेंच पंचानें पाहावयाचें. खेळणाराच्या मनांत काय होतें, ही उठाठेव त्यानें करावयाची नसते. इ. स. १८७५ मध्यें जबलपूरच्या छावणींत इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या हातून जन्मलेल्या स्नूकर या खेळांत मात्र आज असा एक नियम आहे कीं, तो पंचाला थेट खेळाडूच्या अंतःकरणांत डोकावावयास लावतो.

पांढऱ्या चेंडूनें ज्याला प्रथम स्पर्श करावयाचा तो चेंडू चुकला, तर फाउल. प्रतिपक्षास किमान ४ व प्रसंगीं ७ पर्यंत गुण मिळतात. पण लक्ष्य दुसऱ्या चेंडूआड दडलेलें असेल, तर एखादा चतुर मनांत म्हणेल, नेम धरून डाव उघडा करण्यापेक्षां जरा चुकवून ४ गुण देणें स्वस्त! ही स्वस्ताई बंद व्हावी म्हणून पंचास अधिकार दिला आहे. खेळाडूनें आपल्या कुवतीप्रमाणें पराकाष्ठा केली नाहीं असें वाटल्यास त्यानें फाउलच्या जोडीला ‘मिस’ पुकारावें. मग प्रतिपक्षाची इच्छा असल्यास चेंडू पूर्ववत् मांडून चुकलेल्यालाच पुन्हां खेळावें लागतें. आणि हें चक्र कितीदांहि फिरूं शकतें.

‘कुवतीप्रमाणें’ या एका शब्दांत सारी गोम आहे. नवशिक्याची जी चूक क्षम्य, तीच निष्णाताची संशयास्पद. व्यावसायिक सामन्यांत तर चेंडू चुकला कीं जवळजवळ हटकून मिस पुकारतात. एवढ्या कसबी माणसाला याहून बरें साधलें असतें, हें गृहीतच असतें. म्हणजे कसब वाढलें कीं विश्वास घटला! हा अन्याय वाटतो खरा. पण हुशार मुलाला ऐंशी गुण मिळाले तर आपण त्याला आळशी म्हणतों आणि मंद मुलाच्या साठांवर पेढे वांटतों, तेव्हां दुसरें काय करीत असतों?

याचा अपवाद तर अधिकच बोलका आहे. दोघांपैकीं एकाला प्रतिपक्षाच्या चुकांवांचून जिंकण्याची आशाच उरली नसेल, आणि चूक मुद्दाम केलेली दिसत नसेल, तर मिस पुकारीत नाहींत. पिछाडीवरच्या माणसानें आपण होऊन गुण देणें म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणें. तेव्हां त्याला निर्दोष मानणें सयुक्तिक आहे. पण आघाडीवरच्यालाहि तीच सवलत कां? त्याचा स्वार्थ तर शाबूत असतो! गेलेला डाव केवळ पुनरावृत्तीच्या दंडांनीं जिवंत होऊं नये, एवढाच व्यवहार त्यामागें असावा, असा माझा तर्क आहे. मन तपासावयास निघालेला नियम येथें मनाचा नाद सोडून देतो.

मागें एका जिमखान्यांत स्नेह्यांच्या डावांत पंचाचें काम माझ्या गळ्यांत पडलें. एका वयोवृद्ध गृहस्थांचा चेंडू बोटभर अंतरानें चुकला व मीं मिस पुकारलें. “म्हणजे मीं लबाडी केली, असें का आपलें म्हणणें?” त्यांनीं विचारलें. “लबाडी नव्हे, उणीव,” मीं म्हटलें. उत्तर सोयीचें होतें; पुरतें खरें नव्हतें. टेबलाच्या एका कडेवरून परतणारा सोपा मार्ग त्यांना मोकळा होता. पण त्या मार्गानें लाल चेंडूंचा पुंजका फुटला असता. म्हणून त्यांनीं दोन कडांचा बिकट मार्ग धरला आणि त्यावर मात्र मनापासून नेम साधला. हात प्रामाणिक होता. खोट असलीच तर ती मार्ग निवडण्याच्या त्या क्षणांत होती, आणि तो क्षण त्यांना स्वतःला तरी आठवत होता कीं नाहीं, कोण जाणे! येणें वसूल करावयास घरांतला सर्वांत भिडस्त माणूस धाडून ‘आम्हीं प्रयत्न केला’ असें म्हणणारे आपण कांहीं थोडे नाहीं.

चेंडू पूर्ववत् मांडले गेले. त्यांनीं या खेपेस सोपा मार्ग घेतला. पुंजका फुटला आणि डाव गेला. जातांना ते माझ्याशीं एक अक्षर बोलले नाहींत. पुढच्या शनिवारीं मात्र पंच म्हणून त्यांनीं मलाच बोलावणें धाडलें.