टाळणे आणि वर्जणे

इंग्रजीत ‘इस्चू’ असे एक क्रियापद आहे. बाजारात वा गप्पांत ते सहसा भेटत नाही. कोट घालून समारंभाला निघालेल्या गृहस्थासारखे लेखी भाषेतच दिसते. माझे स्वतःचे इंग्रजी मॅट्रिकच्या पुस्तकाशी थांबलेले; तरी वर्गातल्या एका मुलीने “सर, याचा अर्थ ‘टाळणे’च ना?” असे विचारले, तेव्हा हो म्हणायला जीभ रेटेना. आपण चिखल टाळतो, घेणेकरी टाळतो. त्यासाठी इंग्रजीत ‘अव्हॉइड’ हा रोजच्या वापरातला शब्द आहेच. सन १६११च्या इंग्रजी बायबलात मात्र दुष्कर्मापासून दूर राहणाऱ्या सज्जनाच्या वर्णनात हे दुसरे क्रियापद योजले आहे. आपल्याकडे त्याला जवळचा शब्द ‘वर्ज्य करणे’.

हा शब्द गवयांना विचारावा. भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य. गवयाला ते लावता येत नाहीत म्हणून नव्हे. ते त्याच्या गळ्यात असतातच. पण लावले, तर भूप भूप राहत नाही. टाळणाऱ्याला नुसते निसटायचे असते. वर्जणाऱ्याला काहीतरी राखायचे असते.

पण वर्ज्य म्हटलेले सगळेच वर्जलेले असते का? कांदेनवमीला भज्यांवर ताव मारून आपण चातुर्मासापुरता कांदा बंद करतो, आणि दिवाळी सरताच कार्तिकी एकादशीकडे डोळे लावून बसतो. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. आवडता कांदा चार महिने सोडणे हे काशीयात्रेनंतर नावडते कारले जन्मभर सोडण्यापेक्षा अधिक प्रामाणिक आहे. गोष्टीतल्या कोल्ह्याने द्राक्षे वर्जली नव्हती. त्याची उडी पोचली नव्हती, इतकेच. जे हाताशी आहे आणि हवेसेही आहे, तेच वर्जता येते.

आमच्या जिल्ह्यातल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे पाहा. १९३० साली पुसदला त्यांनी जंगल सत्याग्रह केला आणि तुरुंग पत्करला. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले; पण फेब्रुवारी १९४३मध्ये गांधीजींचे उपोषण चालू असताना त्यांनी ती जागा सोडली. तुरुंग टाळला नाही. खुर्ची मात्र वर्जली.

याच जिल्ह्यात जानेवारी २०१९मध्ये हे दोन्ही शब्द एका मांडवात समोरासमोर आले. यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होते. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले होते; संमेलन उधळले जाईल या धास्तीने ते मागे घेण्यात आले. तेव्हा कित्येक निमंत्रित साहित्यिकांनी येण्याचे नाकारले. कोणाचे बरोबर, यावर पुष्कळ वाद झाला. मी शब्दांपुरते सांगतो: धास्तीने पाहुणीला नको म्हणणे हे टाळणे, आणि व्यासपीठ, हार, टाळ्या समोर असताना न जाणे हे वर्जणे.

अखेर उद्घाटन केले वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी. जिच्यासारखीला गावच्या हळदीकुंकवात कोणी बोलावीत नाही, तिच्या हातून मराठी सारस्वताचा सोहळा सुरू झाला! हा योग मला फार मोलाचा वाटतो. कारण टाळण्याचा सर्वांत क्रूर प्रकार तिथेच आहे. कापसाच्या या मुलखात कर्जापायी घरधनी गेलेली घरे थोडी नाहीत. त्या घरातल्या सुनेला कोणी शिवी देत नाही. फक्त बोलावणे जात नाही. विचारले तर उत्तर तयार असते: “तिलाच वाईट वाटेल हो!” टाळणाऱ्याला नेहमी असे एखादे दयाळू कारण सापडते.

मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. ठरावाने कुंकू पुसणे थांबेल, बांगड्या फोडणे थांबेल. पण न गेलेले बोलावणे कुठल्या कायद्यात पकडायचे? ते ज्याच्या त्याच्या उंबरठ्यावरच ठरते.

म्हणून मुलांना मी आता एवढे सांगतो: वर्ज्य करायची ती गोष्ट, सवय, रूढी, माणूस कधीच नाही. रागात स्वर वर्ज्य असतो, गाणारा नव्हे.

वाचकहो, फराळाची ताटे भरून झाली असतील. ती कोणाकोणाकडे जाणार, याची यादी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात पाठ असते. यंदा ती एकदा मोठ्याने वाचा. आणि एखादे घर का राहिले, हे मुलांनी विचारले, तर तो प्रश्न तेवढा टाळू नका.