बिअर शाकाहारी असते का? – एका लेकराचा प्रश्न

॥ श्री सद्गुरु प्रसन्न ॥



मागच्या महिन्यातली गोष्ट. गुरुवारचा सत्संग आटोपला, आरती झाली, आम्ही चार-पाच जणी प्रसादाची भांडी आवरत होतो. आपल्याच एका ताईंचा मुलगा मदतीला थांबला होता. गचिबोवलीला आयटीत आहे, पण सुट्टी असली की सेवेला हजर. भांडी पुसता पुसता तो हळूच म्हणाला, "काकू, एक विचारू? आमच्या ऑफिसात शुक्रवारी सगळे बसतात. मीही कधी कधी बिअर घेतो. पण ती जवाचीच ना? मग शाकाहारीच झाली. माझं व्रत तर मोडत नाही?"

आम्ही काय केलं? ऐकून घ्यायच्या आधीच तोंड सोडलं. "दारू पिऊन नैवेद्याच्या भांड्यांना हात लावतोस?" असं म्हणून मोकळ्या झालो. लेकरू गप्प झालं. जाताना एवढंच म्हणालं, "मग काकू, आज बर्फीवर वर्ख होता, तो शाकाहारी होता का?" पुढचे तीन गुरुवार तो आलाच नाही.

त्या तीन गुरुवारांत आम्ही शोध घेतला. रागाच्या भरात दिलेलं उत्तर खरं होतं की नाही, हे तरी कळायला हवं होतं.

आधी बिअरचं. जव भिजवून, मोड आणून, वाळवतात. मग पाण्यात शिजवून त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं उकळतात आणि शेवटी यीस्ट घालून आंबवतात. यीस्ट म्हणजे पावात असतं तेच, प्राणी नव्हे. इथवर सगळं शाकाहारी. पण आंबवलेली बिअर गढूळ असते. थंड जागी ठेवली की गाळ आपोआप खाली बसतो, पण वेळ लागतो. ती घाई भागवायला इंग्लंड-आयर्लंडकडे जुनी रीत आहे, माशाच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून केलेला आयसिंग्लास नावाचा पदार्थ त्यात घालायचा. तो गाळाला धरून तळाशी नेतो. कुठे कुठे जिलेटिनही वापरतात, तेही जनावरांच्याच हाडा-कातड्याचं.

माशाच्या या पिशवीचं मोल आपल्याकडेही आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका बोटीला १५७ घोळ मासे मिळाले आणि त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले, ही बातमी आठवत असेल. एवढा भाव येतो तो मुख्यतः त्या पिशवीमुळे.

मग सगळी बिअर मांसाहारी का? तसंही नाही. आज पुष्कळ ठिकाणी यंत्राने गाळतात, कुठे समुद्री शेवाळ वापरतात. आयर्लंडच्या गिनेस कंपनीने २०१५ मध्ये माशाचा पदार्थ सोडत असल्याचं जाहीर केलं. उलट काही बिअरमध्ये दुधाची साखर किंवा मध घालतात. ती आपल्यासारख्या दूध घेणाऱ्या शाकाहाऱ्यांना चालेल, पण दूध-मधही न घेणाऱ्या व्हिगन मंडळींना नाही. आणि बाटलीवर हिरवा ठिपका शोधाल तर मिळेलच असं नाही. अन्नाच्या पाकिटांना ठिपक्याचा नियम आहे, मद्याला तो लागूच नाही. म्हणजे खरं उत्तर एवढंच : काही शाकाहारी, काही नाही, आणि बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

आता वर्खाचं. चांदी पूर्वापार बैलाच्या आतड्याच्या पापुद्र्यांमध्ये ठेवून कुटत. चारमिनारच्या गल्ल्यांतला तो ठोक्यांचा आवाज आपल्यापैकी अनेकींनी लहानपणी ऐकलाय. २०१६ मध्ये अन्नसुरक्षा खात्याने नियम केला की वर्ख बनवताना जनावराचं काहीही वापरायचं नाही. पण त्याआधी कितीतरी वर्षं आपण वर्खाची मिठाई देवापुढे ठेवली, वर हात जोडले, आणि कधी विचारलंही नाही. त्या मुलाने निदान विचारलं तरी! खाली मान घालायची वेळ आमची होती.

मग बिअर चालते म्हणायचं का? नाही. इथेच विवेक हवा. मुलाने एका प्रश्नात दोन प्रश्न बांधले होते. ताटात जीवहत्या आहे का, हा पहिला. त्याचं उत्तर चौकशीने मिळतं. माझी बुद्धी जागी राहते का, हा दुसरा. त्याचं उत्तर कुठल्याही ठिपक्यात नाही. आंबवलेलं म्हणून दोष म्हणावा तर आपली इडली, ढोकळाही आंबवलेलाच. दोष आंबण्याचा नाही, नशेचा आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस, तामस असे भाग केलेत ते आहार मनाला काय करतो हे पाहून. जवाचा दाणा सात्त्विक असेल, पण त्याची नशा नामाला बसू देत नाही.

गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. देवापुढे बकरं कापू नका आणि दारूला शिवू नका, ही दोन्ही त्यांनी एकाच दमात सांगितली. एक पाळलं म्हणून दुसऱ्याची सूट नाही. पण लक्षात घ्या, ते दारुड्याला हाकलत नसत, त्याला कीर्तनाला बसवून घेत. आम्ही नेमकं उलटं केलं.

चौथ्या गुरुवारी आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो. शोधलेलं सगळं सांगितलं आणि म्हणालो, "बाळा, वर्खाचं तू खरं बोललास. आम्ही चुकलो. तुझ्या प्रश्नाचं उत्तरही आता पूर्ण सांगतो. माशाचा अंश नसला तरी बिअर आपल्या व्रतात बसत नाही. पण सेवेचं दार तुला कधीच बंद नव्हतं." त्याने डोळे पुसले. म्हणाला, "काकू, ऑफिसात नाही म्हणायला एकटं पडायला होतं." दोन्ही प्रश्नांमागचं खरं दुखणं हे होतं आणि आम्ही ते विचारलंच नव्हतं.

आता तो पुन्हा येतो. शुक्रवारचं काय झालं, हे आम्ही विचारत नाही. तो आपणहून सांगेल.

या आठवड्याचा संकल्प : नैवेद्याची प्रत्येक वस्तू आणताना ती कशी बनते हे एकदा तरी विचारायचं. आणि घरातल्या मुलाने अवघड प्रश्न विचारला तर आधी जवळ बसवायचं, मग बोलायचं.

काही चुकलं असल्यास लेकरं समजून क्षमा करावी.

सद्गुरुचरणी,
आपल्या सेवेकरी भगिनी, हैदराबाद