रेफर केल्यानंतर पेशंट कोणाचा?

शिरपूरहून निघालेली १०८ तापी ओलांडते, नरडाणा, सोनगीर मागे टाकते आणि धुळ्याला हिरे मेडिकल कॉलेजच्या दारात थांबते. अंतर पन्नासेक किलोमीटरचं. या वाटेत पेशंट कोणाचा असतो? शिरपूरच्या कागदावर 'पुढील उपचारासाठी रवाना' असं लिहून झालेलं असतं. धुळ्याच्या रजिस्टरात अजून नाव चढलेलं नसतं. गाडीत डॉक्टर असतो, पण त्याची आणि पेशंटची ओळखही तेवढ्याच तासाभराची.

सापाचंच घ्या, कारण कापसाच्या पट्ट्यात पावसाळ्यात हे नवीन नाही. विष रक्तात उतरलंय का हे पाहायला २० मिनिटांची साधी चाचणी असते. कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, हलवायचं नाही, मग नळी तिरकी करून रक्त गोठलं की नाही ते बघायचं. गोठलं नाही तर प्रतिविष, सुरुवातीला साधारण १० कुप्या. ६ तासांनी पुन्हा तीच चाचणी, आणि त्यावर पुढचा डोस. सगळा हिशेब घड्याळाचा. आता चिठ्ठीवर नुसतं 'एएसव्ही दिले' एवढंच असेल, तर धुळ्याच्या डॉक्टरने ६ तास कुठून मोजायचे? किती कुप्या गेल्या? देताना रिअॅक्शन आली होती का?

यात आळस असतो, गर्दीही असते. पण मला वाटतं, खरी अडचण वेगळी आहे. रेफरची चिठ्ठी बऱ्याचदा पुढच्या डॉक्टरसाठी लिहिलेलीच नसते. ती उद्याच्या चौकशीसाठी लिहिलेली असते. 'नातेवाइकांना धोक्याची पूर्ण कल्पना दिली' हे वाक्य तिच्यात सहसा चुकत नाही. 'निदानाबद्दल मला खात्री नाही' हे वाक्य मात्र सापडणार नाही. आणि पुढच्या माणसाला सगळ्यात जास्त गरज असते ती नेमकी या वाक्याची. मोठ्या दवाखान्यातला निवासी डॉक्टर 'बाहेरून बिघडवून पाठवलेली केस' म्हणून हसणार असेल, तर तालुक्याचा डॉक्टर आपली शंका कशाला लिहील? शंका लपवण्याचा दोष मग एकट्या लपवणाऱ्याचा राहत नाही.

आपण शेजारणीकडे लेकरू ठेवून बाजारात जातो तेव्हा काय सांगतो? त्याला शेंगदाणे चालत नाहीत, दुपारी अंग कोमट लागत होतं, ताप आहे की नाही कळत नाही, लक्ष ठेव. न कळलेलंही सांगतो. याला सोपवणं म्हणतात. चिठ्ठी हातात देऊन गाडीत बसवणं म्हणजे पाठवणं.

यावर एक आक्षेप खरा आहे. बाहेर ओपीडी तुंबलेली असताना फोनवर घालवलेली पाच मिनिटं कुणाची तरी असतात. नैतिकतेच्या गप्पांनी ती वाढत नाहीत. पण गेलेल्या रुग्णाचं देणं समोरच्या रांगेने फिटत नाही, एवढं मला दिसतं. ठरलेल्या पद्धतीने सांगितलं तर फरक पडतो, हेही माहीत आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या ९ हॉस्पिटलांच्या बालरोग विभागांत ड्युटी बदलताना काय सांगायचं याचा साचा ठरवून दिला. २०१४ साली छापून आलेल्या निष्कर्षानुसार चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी कमी झाली. ते डॉक्टर अर्थात एकाच इमारतीतले, एकमेकांना तोंडओळखीचे. इथे मध्ये तापी आहे, आणि हुद्द्याचं अंतर त्याहून रुंद.

व्हॉट्सअॅपवर केसपेपरचा फोटो आता पाठवतात, चांगलंच आहे. पण फोटोत तेवढंच येतं जेवढं कागदावर आहे.

दोन्ही दवाखाने आणि मधली गाडी, तिन्ही ठिकाणी हजर असतो तो एकच माणूस: पेशंटचा बाप, भाऊ किंवा नवरा. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेला असेल तर घरात पावरी बोलणारा, आपल्या प्रश्नांना 'हो' म्हणून मोकळा होणारा. त्याच्या हातून आपण कागद घेतो आणि त्याला बाहेरच्या बाकड्यावर बसायला सांगतो. शिरपूरला किती कुप्या फोडल्या, हे तिथे उभं राहून त्याने मोजलेलं असू शकतं.