बाप्तिस्म्यांच्या आकड्यापलीकडे

गडचिरोलीत ख्रिस्ती मिशनऱ्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती आदिवासी बाटवले? २०११ च्या जनगणनेने त्याचं उत्तर कधीच दिलं आहे. साडेदहा लाखांवर वस्तीच्या या जिल्ह्यात ख्रिस्ती माणसं शंभरात एकही भरत नाहीत. मग जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, जवळजवळ दीडशे वर्षं मिशनने केलं काय, आणि ते कशाने जोखायचं?

चांदा शहरात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं. काशीचे पंडित, नंतर ख्रिस्ती झालेले नीलकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे यांनीही तिथे काम केलं. प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळच्या, तेलुगू बोलणाऱ्या सिरोंच्यात अमेरिकन मेथडिस्ट पोहोचले. १९६२ मध्ये केरळातल्या सिरो-मलबार चर्चने आपलं केरळाबाहेरचं पहिलं मिशनक्षेत्र म्हणून चांदाच निवडलं. त्या चर्चचं ख्राइस्ट हॉस्पिटल आणि शाळा चंद्रपूरकरांच्या परिचयाच्या आहेत. पावसाळ्यात रस्ते तुटणाऱ्या आणि हिवताप पाचवीला पुजलेल्या मुलखात घरदार सोडून आलेल्या सिस्टर आणि फादर यांचे उपकार मी मोकळेपणाने मानतो. पण उपकार मानले म्हणून हिशोब मागायचा नाही, असं होत नाही.

या संदर्भात मला व्हेरियर एल्विन यांची हकीकत फार महत्त्वाची वाटते. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आलेला हा इंग्रज धर्मोपदेशक १९३२ साली शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्याबरोबर मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेला. दोघांनी शाळा काढली, दवाखाना काढला, कुष्ठरोग्यांसाठी आश्रम चालवला. गोंडांना ख्रिस्ती करायला मात्र एल्विन तयार नव्हते. त्यातून ते गांधीजींच्या जवळचे. नागपूरचे बिशप ॲलेक्स वुड यांनी धर्मोपदेशाच्या परवान्यासाठी राजनिष्ठेची शपथ मागितली, एल्विन यांनी ती नाकारली. १९३५ मध्ये त्यांनी चर्च सोडलं. हे वुड साहेब बिशप होण्याआधी चांद्यातच मिशनरी होते. ते दुष्ट नव्हते. पण हातात सत्ता असलेल्या संस्थेला आपला माणूस आधी आपला हवा असतो, गोंडांचा नंतर. पुढे एल्विन जंगल कायद्यांनी आदिवासीचं रान कसं हिरावलं हे लिहीत राहिले. जे काम चर्चने करायला हवं होतं, ते चर्चबाहेर पडलेल्या माणसाने केलं.

सरकारनेही मोजमाप बाप्तिस्म्यांचंच धरलं. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती नियोगी यांची समिती नेमली, १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. चांदा तेव्हा मध्य प्रदेशातच होता. शाळा आणि दवाखाने यांच्या आडून धर्मांतर होतं का, याभोवती तो अहवाल फिरतो. आजारी माणसाच्या असहायतेचा फायदा घेऊन धर्म बदलवणं चूकच, त्याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पण मिशनरी बाप्तिस्मे मोजत होते आणि त्यांचे विरोधकही बाप्तिस्मेच मोजत होते. माडिया आदिवासी माणूस दोघांच्याही वहीत आकडाच राहिला. औषध कसं द्यायचं हे त्या गावातल्या बाईला आलं का, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही.

हे विचारणारे ख्रिस्ती महाराष्ट्रात होते. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. गावोगावच्या निरक्षर बायकांना, त्यातल्या कित्येक दलित, त्यांनी बाळंतपणापासून अतिसारापर्यंतची विद्या देऊन टाकली. दवाखान्याचं महत्त्व त्यामुळे कमी होणार होतं, तरी दिली. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत हाच विचार डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांच्या बाबतीत पुढे नेला. खेड्यातल्या आरोग्यदूत बायका जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरातच इंजेक्शन देऊ लागल्या. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. एकीकडे ख्रिस्ती दांपत्य, दुसरीकडे गांधीविचार मानणारं. दोघांनीही बाईच्या हातावर विश्वास ठेवला.

आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने तर मदतीला येणाऱ्या सगळ्यांपुढेच नवी अट ठेवली. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. बांबूचं काय करायचं ते आता ग्रामसभा ठरवते. अशा गावात जाणाऱ्या सेवाभावी माणसाने, त्याच्या गळ्यात क्रॉस असो की तुळशीची माळ, आधी ग्रामसभेत बसून ऐकायला हवं.

म्हणून सिरो-मलबार चर्चच्या चांदा धर्मप्रांताकडे माझं मागणं स्पष्ट आहे. तुमच्या शाळांत माडिया आणि गोंड मुलांना सुरुवातीचे धडे त्यांच्या भाषेत द्या. दवाखान्यातलं जमेल तेवढं ज्ञान गावातल्या बायकांच्या हाती सोपवा. ज्या गावात काम करता, त्या कामाचा हिशोब दरवर्षी तिथल्या ग्रामसभेपुढे ठेवा. आणि मिशनवर आरोप करणाऱ्यांनी, कुठल्याही धर्माच्या नावाने तिथे आश्रमशाळा चालवणाऱ्यांनी, हाच हिशोब स्वतःही द्यावा.