‘मी’ नावाचे पात्र

प्रदीप दळवी यांच्या ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ या नाटकाची चर्चा बहुतांशी बंदी आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांपाशीच थबकली. १९९८ मध्ये राज्य शासनाने प्रयोग थांबविले, २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठविली. कायद्यापुरता प्रश्न मिटला. शरद पोंक्षे यांनी ही भूमिका पुढे दीर्घकाळ निष्ठेने केली, ‘मी आणि नथुराम’ हे पुस्तकही लिहिले. नटाची एवढी तद्रूपता नैतिक परीक्षणाचा विषय होऊ शकते काय, हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेतला नव्हताच.

अभिनवगुप्ताच्या मते रसाचा आस्वाद नटाचा नव्हे. नट हे केवळ पात्र. भांड्याला पेयाची चव नसते. मराठीने हा श्लेष आयताच जपला आहे. या भूमिकेवरून पाहता तद्रूपता कितीही खोल असली तरी दोषास्पद ठरत नाही. परंतु साधारणीकरणासाठी व्यक्ती, स्थळ, काळ यांची विशिष्टता विरघळावी लागते. दुष्यंताच्या बाबतीत ती विरघळते. ३० जानेवारी १९४८ ही तारीख विरघळत नाही. रंगमंचावरचा ‘मी’ कोणाचाही ‘मी’ होत नाही. तो एका विशिष्ट माणसाचा युक्तिवादच राहतो, आणि नट त्याला आपला श्वास पुरवतो.

या भूमिकेचा पहिला नट खुद्द नथुराम होता, हे येथे विसरता येत नाही. १९४९ मध्ये शिमल्यास अपिलाच्या सुनावणीत त्याने आपली बाजू स्वतः मांडली. खंडपीठातील न्यायमूर्ती गो. दा. खोसला यांनी पुढे लिहिले, की श्रोते हेलावले होते आणि त्यांनाच ज्यूरी नेमले असते तर मोठ्या बहुमताने निर्दोषत्वाचा कौल मिळाला असता. पण तेथे भाषणानंतर निकाल होता, आणि भाषणाआधी साक्षीपुरावा. प्रथमपुरुषी नाट्यरचनेत या साऱ्याचे वजन एका आवाजापुढे घटते. प्रेक्षक ज्यूरी होतो; उलटतपासणीविना.

मग दुसरा पक्ष शोधावा कोठे? वर्ध्यानजीक सेवाग्रामला गांधी १९३६ मध्ये राहावयास आले. हत्येनंतर जेमतेम दीड महिन्याने, मार्च १९४८ मध्ये, नेहरू, राजेंद्रप्रसाद, विनोबा आदी तेथेच जमले. त्यांच्यापुढचा प्रश्न मारेकऱ्याच्या अंतरंगाचा नव्हता, गांधींच्या पश्चात काय करावयाचे हा होता. अशा बैठकीचे नाटक होणे कठीण. तिच्यात स्वगत नाही. मारला गेलेल्याकडेही ते नसते. मारणाऱ्याकडे मात्र असते, आणि चांगला नट स्वगताकडेच ओढला जातो.

अमोल कोल्हे यांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे. ‘व्हाय आय किल्ड गांधी’ या चित्रपटात त्यांनी २०१७ मध्ये नथुराम साकारला. २०२२ मध्ये तो प्रदर्शित होताना भूमिका म्हणजे समर्थन नव्हे, असा बचाव त्यांनी केला. आणि तरी आळंदीस जाऊन आत्मक्लेशही केला. नट निव्वळ पात्र असेल तर क्लेश कशाचा? तो आवश्यक वाटला असेल तर बचाव अपुरा होता. पोंक्षे यांची भूमिका त्यामानाने सुसंगत आहे, मान्य होण्याजोगी नसली तरी: त्यांच्या शीर्षकातला ‘आणि’ दोघांना वेगळे ठेवतो, जोडतोही, आणि त्या जोडणीचे उत्तर नटाकडे मागण्याची सोय करून देतो.