पाटी तीच, सामान बदललं

पुणे, रविवार सकाळ

चि. सोनू,


तुझा मेसेज काल रात्री वाचला. ‘मावशी, कॉन्स्ट लिहूनही अ‍ॅरे बदलला, मग त्या शब्दाला अर्थ काय?’ हा प्रश्न तुला पुढे प्रत्येक भाषेत भेटणार आहे, म्हणून फोनवर न सांगता सविस्तर लिहिते.

जावास्क्रिप्टचं कॉन्स्ट फक्त नाव बांधून ठेवतं. दारावरची पाटी बदलायची नाही, एवढाच त्याचा नियम. घरातलं सामान कोणी हलवलं तर ते अडवत नाही. जावातलं फायनलही तसंच. ऑब्जेक्ट डॉट फ्रीझ वापरलंस तर वस्तू गोठते, पण वरच्या थरापुरती. आत दुसरं ऑब्जेक्ट असेल तर ते मोकळंच. पायथनचा टपल बदलत नाही, पण त्यात ठेवलेल्या लिस्टमध्ये खुशाल भर घालता येते. तेव्हा ‘हे बदलणार नाही’ असं वाचलंस की आधी विचारायचं, यातलं नक्की काय बदलणार नाही?

मी नोकरीत नवीन असताना पायथनमध्ये एक रिपोर्ट लिहिला होता. ग्राहकांची यादी रकमेप्रमाणे लावायची आणि वरची दहा नावं छापायची. मी लिस्टची सॉर्ट मेथड वापरली. ती नवी यादी देत नाही, हातातल्याच यादीचा क्रम बदलते. नवी यादी हवी तर सॉर्टेड आहे, ते मला माहीत होतं, पण त्या दिवशी सुचलं नाही. तीच यादी पुढे दुसऱ्या फंक्शनकडे जायची आणि ते मूळ क्रमावर विसंबून होतं. माझा रिपोर्ट बरोबर आला, चुकलं ते पुढचं. दोन दिवस आम्ही त्या निर्दोष फंक्शनमध्ये बग शोधत बसलो. माझ्या फंक्शनच्या नावात किंवा पॅरामीटरमध्ये ‘मी तुमच्या यादीला हात लावणार’ असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. साइड इफेक्ट म्हणतात तो हाच, आणि तो लपलेला असला की असा महागात पडतो.

रस्ट शिक असं मी तुला सारखं सांगते ते याचसाठी. 2015 मध्ये तिची 1.0 आवृत्ती आली. तिथे व्हेरिएबल मुळातच बदलत नाही. बदलायचं असेल तर म्यूट असं लिहावं लागतं. माझं ते फंक्शन रस्टमध्ये असतं, तर यादी बदलण्याची परवानगी त्याला टाइपमध्येच मागावी लागली असती, आणि यादी देणाऱ्यालाही देताना म्यूट लिहावं लागलं असतं. दोघांनाही कळलं असतं.

तिचा दुसरा नियम मला त्याहून मोलाचा वाटतो. एका वेळी वाचणारे कितीही असोत किंवा लिहिणारा एकच असो. दोन्ही एकदम नाही. यादीवर लूप चालू असताना तिच्यातच भर घातलीस, तर जागा अपुरी पडून सगळी यादी मेमरीत दुसरीकडे जाऊ शकते आणि वाचणारा जुन्या पत्त्यावर उभा राहतो. सी प्लस प्लसमध्ये मग काय होईल याची हमी नाही. जावा सहसा चालू प्रोग्रॅममध्ये एक्सेप्शन टाकते. रस्ट असा कोड कंपाइलच करत नाही.

पण फंक्शन फाइल लिहितं का, नेटवर्कवर जातं का, हे रस्टचा टाइप सांगत नाही. ते हास्केल सांगते. तिथे बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या फंक्शनच्या टाइपवर आयओ असा शिक्का असतो, आणि त्याला बोलावणाऱ्यालाही तो शिक्का लावून घ्यावा लागतो. आकडा घेऊन आकडा देणारं फंक्शन गुपचूप फाइल उघडू शकत नाही. त्याच भाषेसाठी लाँचबरी आणि पेटन जोन्स यांनी 1994 मध्ये एसटी मांडलं: आत हवा तेवढा बदल करा, पण तो बाहेर गळणार नाही, याची खात्री टाइप देतो. मला ही सगळ्यांत शहाणी वाट वाटते. चार भिंतींच्या आतला बदल कोणालाच छळत नाही. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये डान लाइएन यांनी घडवलेली कोका ही भाषा त्याहीपुढे जाते. फंक्शन एक्सेप्शन टाकेल का, कधी थांबणारच नाही का, हेसुद्धा तिथे टाइपमध्ये दिसतं.

मागचे दरवाजे सगळीकडे आहेत. हास्केलमध्ये अनसेफ-परफॉर्म-आयओ आहे. रस्टमध्ये रेफसेल आहे. त्यात वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याची तपासणी प्रोग्रॅम चालताना होते, आणि नियम मोडला तर प्रोग्रॅम तिथेच पॅनिक होतो. अशा ठिकाणी थांबून कोड दोनदा वाचत जा.

तुझं रोजचं काम जावास्क्रिप्ट आणि पायथनमध्ये आहे, तिथे कंपायलर राखण करणार नाही. ती तुलाच करायची आहे. हिशोब करणारी फंक्शन्स वेगळी ठेव, डेटाबेस आणि फाइलला हात लावणारी वेगळी. पायथनमध्ये पॅरामीटरची डिफॉल्ट किंमत म्हणून रिकामी लिस्ट देऊ नकोस. ती फंक्शन बनताना एकदाच तयार होते आणि पुढच्या प्रत्येक कॉलमध्ये तीच वापरली जाते. जावास्क्रिप्टची सॉर्टही मूळ अ‍ॅरेच हलवते. 2023 च्या मानकात टू-सॉर्टेड आलं आहे, ते नवा अ‍ॅरे देतं.

उद्या ऑफिसला गेलास की तुमच्या कोडमध्ये सॉर्ट कुठे कुठे आहे ते शोध, आणि प्रत्येक ठिकाणी तो अ‍ॅरे आणखी कोण वाचतं ते बघ. काय सापडलं ते मला कळव.

तुझी,
मावशी